मोकळा कुत्रा, मोकाट कुत्रा

मराठीत कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा काढला की त्या कुत्र्याचं काय होतं, हे पट्टा कुणी काढला यावर ठरतं. मालकाने काढला तर कुत्रा मोकळा. पट्टा कधी नव्हताच तर कुत्रा मोकाट. दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले, पण एक ऐकताना बरं वाटतं आणि दुसरा ऐकला की महापालिकेची गाडी आठवते. 'मोकाट कुत्र्यांचा सुळसुळाट' ही बातमी दर पावसाळ्यात येते. 'मोकळ्या कुत्र्यांचा सुळसुळाट' अशी बातमी कुणी वाचली आहे का?

या दोन शब्दांच्या मधल्या जागेत डॉग पार्क नावाची एक चीज उभी आहे. चारी बाजूंनी कुंपण, आत माती किंवा लाकडाचा भुसा, दोन-चार बाकं, पाण्याचं भांडं, आणि आत आलं की पट्टा सोडायची मुभा. कुत्र्याला मोकळं करण्यासाठी आधी कुंपण घालावं लागतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण ही कल्पना मुळात कुठून आली हे बघायला गेलं की रेल्वेचा बोगदा, गोळीबार, रेबीज आणि मुंबईतली एक दंगल इतकं सगळं हाताला लागतं.

बोगद्यावरची जमीन

अमेरिकेतला पहिला डॉग पार्क म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात आहे. ओलोनी डॉग पार्क, सुरुवात १९७९. आकाराने अगदी लहान. आपल्याकडच्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगएवढा असेल. हर्स्ट ॲव्हेन्यू नावाच्या रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या एका लांबट बागेचं हे पूर्वेकडचं टोक. नकाशावर ही बाग बघितली तर आधी प्रश्न पडतो की बाग अशी पट्टीसारखी का? चांगली चौकोनी का नाही?

कारण तिच्या पोटातून रेल्वे जाते. साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या शहरांना जोडणारी 'बार्ट' ही लोकल रेल्वे बांधायला घेतली गेली. मूळ आराखड्यात बर्कलीतला बराचसा मार्ग खांबांवरून, म्हणजे रस्त्याच्या वरून जाणार होता. बर्कलीकरांना ते नको होतं. उंच रुळांची भिंत शहराचे दोन तुकडे करील, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि तुकडे कुठून पडणार हेही सगळ्यांना माहीत होतं. त्या काळी ग्रोव्ह स्ट्रीट नावाच्या रस्त्याच्या एका बाजूला गोरी वस्ती होती आणि दुसऱ्या बाजूला काळ्या आणि जपानी वंशाच्या लोकांची. त्या रेषेच्या पलीकडे घर घ्यायला त्यांना मिळतच नसे. आज त्याच रस्त्याला मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव आहे, आणि डॉग पार्क त्याला लागूनच आहे.

१९६६ साली बर्कलीत मतदान झालं आणि नागरिकांनी स्वतःवर जादा कर लावून घेऊन रेल्वे जमिनीखालून न्यायचं ठरवलं. आपल्याकडे मेट्रो कारशेडवरून झालेले वाद आठवले तर हा निर्णय किती वेगळा होता ते कळतं. शहराने पदरचे पैसे घातले. पण जमिनीखालून न्यायची म्हणजे आधी जमीन वरून उघडावी लागते. हर्स्ट ॲव्हेन्यूच्या कडेची घरं पाडली गेली, चर खणला गेला, बोगदा झाला आणि चर पुन्हा बुजवला गेला. जानेवारी १९७३मध्ये या मार्गावर गाड्या सुरू झाल्या. वर मात्र एक लांबलचक रिकामा पट्टा उरला. त्यावर घरं बांधावीत की दुसरं काही करावं, यावर शहरात एकमत होईना.

दरम्यान याच शहरात दुसऱ्या एका रिकाम्या जमिनीवरून माणूस मेला होता.

कुंपण तोडणारे लोक

कॅलिफोर्निया विद्यापीठाने बर्कलीतल्या आपल्या आवारापासून जवळच एक भूखंड ताब्यात घेतला, त्यावरची घरं पाडली आणि पुढचं काम रखडलं. तिथे चिखल झाला, लोक गाड्या लावू लागले. २० एप्रिल १९६९ रोजी काही विद्यार्थी, हिप्पी आणि आसपासचे रहिवासी फावडी घेऊन आले आणि त्यांनी तिथे हिरवळ आणि झाडं लावायला सुरुवात केली. नाव दिलं पीपल्स पार्क. परवानगी कुणाचीच नव्हती. त्या वेळी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. १५ मेच्या पहाटे पोलिसांनी जागा ताब्यात घेतली आणि तिच्याभोवती तारेचं कुंपण घातलं. दुपारी हजारो लोक कुंपणाकडे निघाले. पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या. जेम्स रेक्टर हा तरुण एका इमारतीच्या गच्चीवरून हे सगळं बघत होता. त्याला गोळ्या लागल्या आणि चार दिवसांनी तो गेला. ॲलन ब्लँचर्ड नावाच्या एकाची दृष्टी गेली. शहरात नॅशनल गार्डचे सैनिक उतरले, हेलिकॉप्टरमधून अश्रुधूर सोडला गेला.

आता ही झाली पीपल्स पार्कची प्रसिद्ध गोष्ट. तिचा कमी प्रसिद्ध धागा असा की कुंपणामुळे तिथे जाता येईना, तेव्हा लोकांनी शहरातल्या दुसऱ्या रिकाम्या जागा शोधल्या. त्यांतली एक म्हणजे हर्स्टवरची बार्टची जमीन. तिथे त्यांनी रोपं लावली आणि तिला 'पीपल्स पार्क ॲनेक्स' म्हणू लागले. ॲनेक्स म्हणजे जोडजागा. इथेही उपटणं आणि पुन्हा लावणं झालं, पण रक्त सांडलं नाही. पुढची दहा वर्षं बैठका, ठराव, आराखडे यांत गेली आणि अखेर १९७९ साली त्या पट्ट्याची अधिकृत बाग झाली. तिला नाव दिलं ओलोनी, या भागातल्या मूळ रहिवासी जमातींचं. जमीन ज्यांच्याकडून गेली त्यांचं नाव बागेला द्यायचं, ही पद्धत फक्त अमेरिकेतच आहे असं नाही.

त्याच वर्षी त्या बागेच्या एका टोकाला कुत्र्यांसाठी कुंपण घालून दिलं गेलं. आधी प्रयोग म्हणून. देखभाल करायला कुत्रे पाळणाऱ्यांनीच एक संघटना काढली आणि गवत, पाणी, सफाई, शेजाऱ्यांच्या तक्रारी हे सगळं अंगावर घेतलं. त्या जागेचं अधिकृत नाव या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या मार्था स्कॉट बेनेडिक्ट यांच्या स्मरणार्थ आहे, पण ते नाव कुणी वापरत नाही. सगळे नुसतं डॉग पार्कच म्हणतात.

दहा वर्षांपूर्वी ज्या शहराने कुंपण तोडायला जीव धोक्यात घातला होता, त्याच शहरातले लोक आता नगरपालिकेकडे जाऊन 'आम्हाला कुंपण घालून द्या' म्हणत होते. मला यात विसंगती दिसत नाही. पीपल्स पार्कचं कुंपण लोकांना बाहेर ठेवण्यासाठी होतं. हे कुंपण आतल्यांना पट्टा सोडता यावा म्हणून होतं. पण मग पट्टा सोडायला परवानगी का लागावी? कुत्रा बागेत धावला तर कुणाचं काय गेलं? याचं उत्तर शोधायला आणखी शंभर-दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

लाळेची भीती

पट्ट्याचा कायदा रेबीजच्या भीतीतून आला. घाण, भुंकणं, चावा या तक्रारी होत्याच, पण सरकारं हलली ती पिसाळलेल्या कुत्र्यामुळे. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली गेली. त्याआधी पिसाळलेला कुत्रा चावला आणि रोग अंगात शिरला, की पुढे काही करता येत नसे. पाणी बघून घशाला पेटके येणं, आठवड्याभरात मृत्यू. आजही लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. ज्या शहरात दर उन्हाळ्यात असे दोन-चार मृत्यू डोळ्यांसमोर होत असतील, तिथल्या लोकांना रस्त्यावरचा प्रत्येक कुत्रा कसा दिसत असेल याची कल्पना करा.

लंडनमध्ये १८६७च्या कायद्याने पोलिसांना रस्त्यावर एकटा फिरणारा कुत्रा धरायचा अधिकार मिळाला, आणि कुत्र्यांच्या तोंडाला मुसकं बांधायची सक्ती करता येऊ लागली. मुसक्यांवरून इंग्लंडात जे रणकंदन झालं ते वाचताना कोविडमधले मास्क आठवल्याशिवाय राहत नाहीत. शास्त्रज्ञ एकीकडे, श्वानप्रेमी दुसरीकडे, आणि मधल्या मधे कृषिखात्याचे मंत्री वॉल्टर लाँग शिव्या खात. पण सक्ती नेटाने राबवली गेली आणि १९०२ साली ब्रिटन रेबीजमुक्त झालं. बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना सहा महिने वेगळं ठेवायचा नियम पुढे जवळपास शंभर वर्षं चालला.

याचा एक परिणाम आज लंडनमध्ये दिसतो. हाइड पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी कुत्रे पट्ट्याविना हुंदडत असतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. भीतीच गेली, तेव्हा कुंपणाचीही फारशी गरज उरली नाही. अमेरिकेत तसं झालं नाही. तिथे वटवाघळं, रकून, स्कंक या जंगली प्राण्यांत रेबीज टिकून राहिला. आणि शहरांत मोटारी आल्या, उपनगरांत हिरवळी आल्या, शेजाऱ्यावर खटला भरायची सवय आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक अमेरिकी शहरांत सार्वजनिक जागी कुत्र्याला पट्टा हवाच, असा नियम झाला होता. तोपर्यंत कुत्रा अंगणातून उठून घरातल्या सोफ्यावर आला होता, माणसं फ्लॅटमध्ये राहायला लागली होती, आणि पळायला जागा कुठेच उरली नव्हती. बर्कलीचं कुंपण या कोंडीतून आलं.

लंडनची गोष्ट मात्र सुरुवातीपासूनची नाही. लंडनच्या पस्तीस वर्षं आधी हाच प्रश्न मुंबईत रस्त्यावर आला होता, आणि इथे त्याचं उत्तर वेगळं निघालं.

१८३२, मुंबई

मुंबईत कंपनी सरकारने १८१३पासूनच उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत बेवारशी कुत्रे मारायची तरतूद केली होती. १८३२ साली ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली गेली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावलं गेलं. आठ आणे म्हणजे तेव्हा हातावर पोट असलेल्याची काही दिवसांची सोय. बक्षीस लावलं की काय होतं हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. बेवारशी कुत्रा शोधत हिंडण्यापेक्षा दारात झोपलेला धरणं सोपं. पोलिसांचे शिपाई घरांच्या ओट्यांवर, आवारांत शिरून कुत्रे ओढून नेऊ लागले. बेवारशी कुठला आणि घरचा कुठला हे ठरवायचं कसं? गळ्यात पट्टा घालायची पद्धत साहेबाची. गावठाणातला कुत्रा एका घरचा नसतो, तो आळीचा असतो. त्याला चार घरी भाकरी मिळते आणि तो चारही घरांवर भुंकून पहारा करतो. साहेबाच्या खात्यात अशा कुत्र्यासाठी रकानाच नव्हता.

सगळ्यात जास्त भडकले पारशी. त्यांच्या धर्मात कुत्र्याचं स्थान नुसतं दयेचं नाही. 'वेंदिदाद' या धर्मग्रंथात कुत्र्याला इजा करणाऱ्यासाठी शिक्षा सांगितल्या आहेत. माणूस मेला की त्याच्या देहाला कुत्र्याची नजर लागावी यासाठी 'सगदीद' हा विधी होतो. त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे 'चार डोळ्यांचा' कुत्रा उत्तम मानतात. मृतात्मा ज्या पुलावरून पलीकडे जातो त्या चिन्वत पुलाशीही कुत्रे राखण करतात अशी श्रद्धा आहे. अशा समाजाच्या डोळ्यांसमोर, तेही त्यांच्या सणाच्या दिवशी, शिपाई कुत्रे बडवून मारत होते.

६ जूनला पारशांच्या जमावाने शिपायांना मारहाण केली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. आणि या बंदमध्ये पारशांबरोबर जैन आणि हिंदू व्यापारीही होते, हे महत्त्वाचं. जमावाने कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडवली. गोऱ्यांच्या घोडागाड्यांवर चिखल आणि दगड पडले. मग दंगलीचा कायदा वाचून दाखवला गेला, फौज आली, धरपकड झाली. या प्रकरणाला इतिहासात 'बॉम्बे डॉग रायट्स' असं नाव आहे. इतिहासकार जेसी पालसेटिया यांनी त्यावर सविस्तर लिहिलं आहे. त्यांच्या मते सरकारला खरा धक्का बसला तो दंगल कुणी केली हे बघून. पारशी म्हणजे कंपनीशी सर्वांत जवळचा समाज, जहाजं बांधणारा, दलाली करणारा, इंग्रजी शिकणारा. तोच रस्त्यावर उतरला होता. कुत्रा निमित्त होता, पण नुसतं निमित्त नव्हता. आपल्या दारात सरकारने कुठवर शिरावं, हा प्रश्न त्याच्या रूपाने उभा राहिला होता.

नंतर समाजातली वजनदार मंडळी मध्ये पडली. त्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, दंगलखोरांच्या वतीने पडती बाजू घेतली आणि एक तोडगा पुढे केला: कुत्रे मारू नका, शहराबाहेर न्या. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. एक पारशी, एक जैन. आज भुलेश्वर-सी.पी. टँकच्या गर्दीतून जाताना तिथल्या गाईंना चारा घालणारे लोक दिसतात. पण ही संस्था जन्माला आली त्यामागे कुत्र्यांची दंगल होती, हे गाईंना चारा घालणाऱ्या किती जणांना माहीत असेल? भटक्या कुत्र्यांसाठी लंडनचं प्रसिद्ध निवारागृह, जे पुढे बॅटरसी नावाने ओळखलं गेलं, ते निघालं १८६० साली. म्हणजे मुंबई या बाबतीत सव्वीस वर्षं पुढे होती.

पांजरपोळ आणि डॉग पार्क एकच नव्हेत, हे उघड आहे. पांजरपोळीत जनावर उरलेलं आयुष्य काढायला जातं, डॉग पार्कमध्ये तासभर खेळायला. पण दोन्हींच्या मुळाशी एकच मांडणी आहे: शहरातून कुत्रा घालवायचा नाही, पण तो शहरभर असायचाही नाही, त्याला एक जागा नेमून द्यायची. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात, त्यांना साखळीने बांधलेलं मी तरी पाहिलेलं नाही. तो देव ज्या भटकणाऱ्यांचा आहे त्यांच्या जगात नेमून दिलेली जागा नसते. महापालिकेच्या जगात असते.

दुहेरी फाटक

डॉग पार्कला पहिल्यांदा गेलेल्या माणसाला आधी दिसतं ते दुहेरी फाटक. बाहेरचं दार उघडून एका छोट्या चौकात यायचं, ते लावायचं, तिथेच पट्टा काढायचा, मग आतलं दार. दोन्ही दारं एकदम उघडायची नाहीत. यामागे दोन कारणं आहेत. एक तर पळ काढणारा कुत्रा रस्त्यावर जात नाही. दुसरं जास्त मजेदार आहे. मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात पट्टा बांधलेला कुत्रा नेला की तोच बिथरतो. त्याला मागे सरता येत नाही, अंग वळवता येत नाही, वास द्यायला-घ्यायला बाजूने जाता येत नाही. कुत्र्यांचं आपसातलं बोलणं सगळं अंगाने होतं, आणि पट्टा म्हणजे अर्धी भाषा बांधून टाकणं. म्हणून आत पट्टा चालत नाही. पुढचे पाय ताणून, छाती जमिनीला टेकवून, शेपटीकडचा भाग वर करून जो नमस्कार कुत्रा घालतो, तो 'आता जे होईल ते खेळ समज' असा निरोप असतो. नवख्या मालकाला भांडण वाटणारे बरेच प्रकार या नमस्कारानंतरचे असतात.

जमिनीचंही एक शास्त्र आहे. गवत टिकत नाही, एका मोसमात चिखल होतो. म्हणून लाकडाचे तुकडे किंवा बारीक खडी. पार्व्होचा विषाणू मातीत बरेच महिने तग धरतो, म्हणून लसी पूर्ण न झालेली पिल्लं आणायची नाहीत. माजावर आलेली कुत्री आणायची नाही. मोठ्यांत आणि छोट्यांत कुंपण वेगळं असलं तर उत्तम, कारण ग्रेट डेनचं खेळणं आणि पॉमेरेनियनचं मरण यांत फार अंतर नसतं.

आणि माणसं? इथे एकमेकांना लोक कुत्र्यांच्या नावाने ओळखतात. 'ब्रूनोची आई', 'मिष्टीचे बाबा'. महिनोन्महिने गप्पा मारून माणसाचं नाव माहीत नसतं. चाळीत जसं 'बंड्याची आई' असायचं तसंच.

कुणाचा मोकळेपणा

न्यू यॉर्कमध्ये हा सगळा प्रकार कमी गोड आहे. तिथे १९७८ साली कुत्र्याची विष्ठा मालकाने उचलण्याचा कायदा आला. तो येताना आजच्या हेल्मेटसक्तीसारखाच आरडाओरडा झाला होता, आणि नंतर तो सवयीचा झाला. त्या शहरातली पहिली कुत्र्यांची कुंपणजागा टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमध्ये १९९० साली झाली. या तारखेच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते बघा. ऑगस्ट १९८८मध्ये त्याच पार्कमध्ये रात्रीच्या संचारबंदीवरून पोलीस आणि लोकांची चकमक झाली. तिथे बेघरांनी तंबू ठोकले होते. १९९१च्या जूनमध्ये पोलिसांनी तंबू उठवले, माणसांना बाहेर काढलं आणि दुरुस्तीसाठी पार्क बंद केला. तो वर्षभराने उघडला. कुत्र्यांची जागा राहिली, तंबू राहिले नाहीत. कुत्र्यांमुळे माणसं हाकलली गेली असं मी म्हणत नाही, ते खरंही नाही. पण एकाच पार्कमध्ये कुणाला राहू द्यायचं याचा निकाल लागत होता, त्यात कुत्रेवाल्यांची बाजू जिंकणाऱ्यांत होती.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ सिल्व्ही टिसो यांनी बॉस्टनच्या साउथ एंड भागाचा अभ्यास करून हेच नेमकं टिपलं आहे. गरीब, मिश्र वस्तीत पैसेवाले राहायला येतात तेव्हा डॉग पार्कची मागणी हे त्यांच्या एकत्र येण्याचं एक निमित्त ठरतं. बैठका, वर्गणी, नियमावली, आणि हळूहळू जागेवरचा हक्क.

आणि मग २५ मे २०२०. सेंट्रल पार्कच्या 'रॅम्बल' या झाडीच्या भागात पक्षी बघायला ख्रिश्चन कूपर नावाचे गृहस्थ गेले होते. न्यू यॉर्कच्या अनेक बागांत रात्री नऊ ते सकाळी नऊ कुत्रे सोडायला मुभा आहे. आधी ती नुसती वहिवाट होती, कोर्टकज्जा झाल्यावर २००७ साली नियम म्हणून पक्की झाली. पण रॅम्बलमध्ये चोवीस तास पट्टा सक्तीचा, कारण जमिनीवर चरणारे स्थलांतरित पक्षी तिथे उतरतात. एक बाई कुत्रा मोकळा सोडून फिरत होत्या. कूपर यांनी पट्टा लावायला सांगितलं. बाईंनी पोलिसांना फोन लावला आणि एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस मला धमकावतो आहे असं सांगितलं. कूपर काळे आहेत, बाई गोऱ्या. व्हिडिओ जगभर गेला. त्याच दिवशी मिनिॲपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड मेले. रॅम्बलमध्ये नियम मोडणारा कुत्रा होता, आणि पोलिसांपुढे भीती वाटायची पाळी मात्र पट्टा लावा म्हणणाऱ्यावर आली होती. मोकळं कोण आणि मोकाट कोण, हे इथेही कुणाच्या हातात फोन आहे यावर ठरणार होतं.

आपल्याकडे

भारतात महापालिकेने कुत्र्यांसाठी म्हणून बांधलेल्या पार्कांत हैदराबादच्या कोंडापूरचं नाव आधी घेतलं जातं. २०१८ साल, सव्वा एकराच्या आसपास जागा, जिथे आधी कचरा पडायचा. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर समुद्रालगत छोटी जागा आहे. अशा जागा वाढतील, कारण पाळीव कुत्री वाढत आहेत, फ्लॅट लहान होत आहेत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिफ्टमधल्या कुत्र्यावरून रोज युद्ध चालू आहे.

पण आपल्याकडे डॉग पार्कच्या कुंपणाबाहेरही कुत्रे असतात. बर्कलीत नसतात. सगळी अडचण इथे आहे. अमेरिकेत प्रश्न होता की घरातला कुत्रा सोडायचा कुठे. आपला प्रश्न अजूनही १८३२चाच आहे: आळीच्या कुत्र्याचं काय करायचं? मुंबई महापालिका त्यांना १९९४पर्यंत मारत होती. मग उच्च न्यायालयाने त्यात लक्ष घातलं आणि निर्बीजीकरणाची वाट धरली गेली. २००१ साली केंद्राने नियम केले, २०२३ साली नवे केले. पकडा, शस्त्रक्रिया करा, लस द्या, जिथून आणलं तिथेच सोडा. शेवटचा भाग लोकांना पटत नाही, पण त्याला कारण आहे. जागा रिकामी झाली की दुसरे, न टोचलेले कुत्रे ती बळकावतात. ज्या माणसाच्या मुलाला कुत्र्याने फाडलं आहे त्याला हे तर्कशास्त्र ऐकवणं मात्र क्रूरपणाचं आहे, आणि आमच्यासारखे श्वानप्रेमी ते फार सहज ऐकवतात. रेबीजने मरणारे आपल्याकडे बहुतेक गरीब असतात आणि त्यांत मुलांचं प्रमाण मोठं असतं. त्यांच्या वस्तीत डॉग पार्क नसतो. बरेचदा मुलांसाठीही पार्क नसतो.

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली आणि परिसरातले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांनी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: पिसाळलेले आणि आक्रमक सोडून बाकीचे टोचून, निर्बीज करून परत सोडा, पण रस्त्यावर कुठेही खाऊ घालायचं नाही, प्रत्येक वॉर्डात खाऊ घालायच्या जागा ठरवा. ७ नोव्हेंबरला आणखी आदेश आला: शाळा, इस्पितळं, बस आणि रेल्वे स्थानकं, क्रीडासंकुलं इथले कुत्रे हलवा आणि तिथे परत सोडू नका. आता प्रत्येक शहरातल्या अधिकाऱ्याला नकाशा पुढे घेऊन जागा शोधायची आहे. खाऊ घालायची जागा, निवाऱ्याची जागा. जिथे बोट ठेवलं तिथल्या रहिवाशांचं पत्र दुसऱ्या दिवशी येतं, की जागा हवीच आहे, पण इथे नको.

बर्कलीत पीपल्स पार्कभोवती जानेवारी २०२४मध्ये विद्यापीठाने मालवाहू जहाजांवरचे लोखंडी कंटेनर दोन-दोन एकावर एक रचून भिंत उभी केली, विद्यार्थ्यांची वसतिगृहं बांधायला. पन्नास वर्षांच्या भांडणानंतर ती बाग गेली. त्याच वर्षी शहराने ओलोनी लोकांची पश्चिम बर्कलीतली शिंपल्यांच्या टेकाडाची पवित्र जागा, जी कित्येक वर्षं पार्किंगचं डांबर होऊन पडली होती, त्यांच्या संस्थेला परत द्यायचं ठरवलं. आणि हर्स्ट ॲव्हेन्यूवर, बोगद्याच्या डोक्यावर, पीपल्स पार्कच्या जोडजागेचा तो तुकडा अजून तसाच आहे. खालून बार्टच्या गाड्या जातात. वर कुणीतरी बाहेरचं फाटक लावतं, वाकून पट्टा काढतं, आणि मग आतलं उघडतं.